सेवेची वार्ता सांगावी काय?

कोल्हापुरात पेठेपेठेत तालीम आहे, आणि तालमीच्या नाहीतर मंडळाच्या दाराशी एक काळा फळा असतो. सकाळी दुधाची किटली घेऊन परतणारा माणूस त्या फळ्यापाशी घटकाभर थांबतो. कुणाचे रक्षाविसर्जन किती वाजता, आज नळाला पाणी येणार की नाही, रविवारी रक्तदानाचे शिबिर कुठे, फुटबॉलचा सामना कुणाचा कुणाशी, असा गल्लीचा सगळा संसार त्या हातभर लाकडावर खडूने मांडलेला असतो. खडूचे अक्षर दुसऱ्या दिवशी पुसले जाते आणि नवे येते. आता या फळ्याच्या जोडीला मोठमोठे रंगीत फलक आले, हातोहाती फोन आले. वार्ता वाढली, टिकूही लागली, आणि तिच्यात एक मजकूर पूर्वीपेक्षा फार अधिक दिसू लागला : कोणी कोणती सेवा केली.

अमुक मंडळातर्फे वह्यावाटप. तमुक दादांच्या हस्ते फळेवाटप. खाली दहा नावे आणि वर चार चेहरे.

हा मजकूर बरा की वाईट, एवढाच आजचा प्रश्न आहे. प्रश्न दिसतो लहान, पण वारकऱ्याच्या जिव्हारी लागणारा आहे. कारण आपल्याला लहानपणापासून कीर्तनात शिकवलेले असते की केलेले पुण्य बोलून दाखवले की ते सरले. दुसरीकडे आपणच दिंडीत, सप्ताहात, मंडळात चार माणसे गोळा करून काम करतो, आणि माणसे गोळा करायची म्हटली की बोलल्यावाचून गत्यंतर नाही. मुकी सेवा एकट्याला करता येते. समाजाची सेवा मुक्याने कशी करावी?

एक गोष्ट आधी नीट ध्यानात घेऊ. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु तालमीत मातीत लोळलेली पोरे गल्लीच्या अडीनडीला धावतात, हा तालमीचा दुसरा उपयोग. तिरडी बांधायची, लग्नाचा मांडव घालायचा, म्हाताऱ्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात न्यायचे, गणपतीत निर्माल्य नदीत जाऊ नये म्हणून पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर रात्रभर उभे राहायचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावे बाहेरच्या माणसाला फुटबॉलच्या मैदानामुळे माहीत होतात. पेठेतल्या माणसाला ती अडचणीच्या वेळी आठवतात. अशा संस्थेला वार्ता लागतेच. रात्री दोन वाजता कुणाकडे धावायचे हे गल्लीला ठाऊक नसेल तर त्या धावण्याचा उपयोग काय?

म्हणून मंडळाच्या कट्ट्यावर बसले की एक वाद हटकून ऐकू येतो. म्हातारा म्हणतो, "बोर्ड कशाला लावायचा रं? देव बघतोय की वरनं." त्यावर पोरगा म्हणतो, "देव बघतोय वो आण्णा, पर वर्गणी माणसं देत्यात. त्यांना दिसाय नको?" म्हाताऱ्याच्या बाजूने बोलावे असे आपल्याला वाटते खरे; पण खोटे कशाला बोला, पोराचे म्हणणे सहजासहजी खोडता येत नाही.

रक्तदानाचेच पाहा. आपल्या देशात रक्त विकण्यास सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ सालच्या निर्णयाने मनाई झाली, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती अमलात आली. तेव्हापासून दवाखान्यात पडलेल्या माणसाला जे रक्त मिळते ते कोणीतरी मोबदला न घेता दिलेलेच असले पाहिजे. आणि रक्त काही वर्षानुवर्षे साठवून ठेवता येत नाही; तांबड्या पेशी फार तर सहा आठवडे टिकतात. उन्हाळ्याच्या सुटीत गाव रिकामे झाले की रक्तपेढीची कपाटेही रिकामी होऊ लागतात. त्या वेळी मंडळाने शिबिर भरवले आणि विनयापोटी कुणाला सांगितलेच नाही, तर तो विनय एखाद्या बाळंतिणीच्या जिवावर बेतेल. इथे न बोलणे हाच दोष ठरतो.

पण त्याच रक्तदानात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. रक्त देणाऱ्याला ते कुणाच्या अंगात जाणार हे ठाऊक नसते, घेणाऱ्याला ते कुणाचे हे कळत नाही. जात विचारली जात नाही, पेठ विचारली जात नाही. पिशवीवर लिहितात तो गट, तारीख आणि आकडा. निष्काम कर्माचा इतका स्वच्छ दाखला, भगवंताने आपल्या काळासाठी मुद्दाम काढून ठेवावा तसा, दवाखान्यात रोज घडतो आहे. मग शिबिराच्या वेळी भेटवस्तूंची चढाओढ लागते, या मंडळाने डबा दिला तर त्या मंडळाने पिशवी आणि तिसऱ्याने हेल्मेट, तेव्हा मन खट्टू होते. रक्त तेच, माणूस तोच. पण दारातून आत येताना त्याच्या डोळ्यांसमोर काय होते ते बदलले. तरीही मी म्हणेन की डबा घेऊन का होईना, रक्त दिले हे बरेच झाले. बाळंतिणीला डब्याची वार्ता नसते.

आता या प्रश्नाची खरी कसोटी लागली त्या दिवसांकडे येऊ.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेला जो महापूर आला तो पाहिलेल्या माणसाला विसरता येणार नाही. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांना धोक्याची पातळी. पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले. चिखली, आंबेवाडी पाण्यात. शिरोळ तालुक्यात गावेच्या गावे बेटे झाली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. शहरात दूध नाही, पेट्रोल नाही. पाणी उपसणारी केंद्रेच बुडाल्यामुळे चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी दशा. पुढे २०२१ च्या जुलैत पुन्हा तसाच पूर आला.

त्या दिवसांत या जिल्ह्यातल्या माणसांनी जे केले त्याला तोड नाही. तालमीची पोरे छातीएवढ्या पाण्यात शिरली. उंचावरच्या गावांतून भाकरीच्या चवडी आल्या, चटणी आली, धडुती आली. शाळांत, मंगल कार्यालयांत, मठांत माणसे उतरली आणि तिथे कुणी कुणाला तू कोण म्हणून विचारले नाही. आपत्तीत धावणारी व्हाइट आर्मी म्हणून स्वयंसेवकांची जी तुकडी कोल्हापुरात आहे, तिच्यासारखी शिकलेली पथके होती, आणि काही न शिकलेली पण हाताला हात देणारी हजारो माणसेही होती.

आणि त्याच दिवसांत कॅमेराही होता. मदतीच्या पिशव्यांवर पुढाऱ्यांची चित्रे चिकटवल्यावरून वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, तो वाचकांना आठवत असेल. पुढाऱ्यांची गोष्ट सोडा. त्यांचा तो धंदा आहे. पण लहानसहान मंडळांनीही देताना घेणाऱ्याला फोनकडे तोंड करून उभे केले. एक हात पिशवी देणारा, एक हात घेणारा, मध्ये हसणारी दहा माणसे. जिच्या घरात गुडघाभर चिखल आहे, जिने कालपर्यंत आपल्या दाराशी आलेल्याला कधी विन्मुख पाठवले नाही, ती माउली आज किलोभर डाळीसाठी रांगेत उभी आहे. आणि तिचा तो चेहरा संध्याकाळपर्यंत तिच्या सासरच्या, माहेरच्या, लेकीच्या घरच्या फोनवर पोचतो. डाळ आठ दिवसांत संपली. चित्र अजून फिरते आहे.

मला विचाराल तर या सगळ्या प्रश्नातला अधर्म नेमका इथे आहे. देणाऱ्याने आपले नाव मिरवले तर फार तर त्याचे पुण्य उणावले. तो त्याचा आणि पांडुरंगाचा हिशेब. पण घेणाऱ्याची लाज त्याने खर्च केली, आणि ती त्याच्या मालकीची नव्हती. एखाद्याचे चार आणे उचलले तर आपण त्याला चोर म्हणतो. त्याची लाज उचलली तर फलकावर नाव लावतो!

आपल्या संप्रदायाची रीत या बाबतीत काय आहे? वारीत दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. वयाने मोठा, विद्येने मोठा, कुळाने मोठा असा भेद त्या क्षणी उरत नाही. आळंदीहून किंवा देहूहून पालखी निघाली की वाटेवरच्या गावांत कुणी पाय चेपून देतो, कुणी तुटलेली चप्पल शिवून देतो, कुणी दाढी करून देतो, कुणी नुसते पाणी पाजतो. देणारा काय म्हणतो ते ऐका. "घ्या माउली" म्हणतो, आणि घेतल्यावर तोच पाया पडतो. उपकार देणाऱ्याचा नव्हे, घेणाऱ्याचा. त्याने घेतले म्हणून आपल्याला सेवा घडली. ही रीत ज्या माणसाच्या अंगात मुरली आहे त्याला पूरग्रस्ताचे चित्र काढावेसे वाटणारच नाही, कारण ज्याच्या पाया पडायचे त्याला कुणी रांगेत उभा करून दाखवत नाही.

गाडगे महाराजांचे चरित्र आठवा. दिवसा हाती खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढायचा, असा त्यांचा क्रम. पाया पडू पाहणाऱ्याला ते पडू देत नसत. पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि स्वतः मात्र तिच्या आश्रयाला राहिले नाहीत. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. पुढे सरकारने ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचेच नाव दिले आणि ज्यांनी आयुष्यभर नाव टाळले त्यांचे नाव गावोगावच्या कमानींवर चढले! कमानीखालचा उकिरडा पाहून महाराज काय बोलले असते ते लिहायला हा कागद पुरायचा नाही.

इथे कुणी चांगला आक्षेप घेईल. म्हणेल, नाव टाळणे एवढे थोर असेल तर संतांनी अभंगात आपली नावे का घातली? तुकोबांचे नाव त्यांच्या अभंगाच्या शेवटी असते, नामदेवांचे असते, चोखोबांचे असते, जनाबाई तर आपले नाव नामदेवांच्या नावाला बांधूनच घालतात. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचासुद्धा उल्लेख आहे. मग आमच्या मंडळाच्या फलकाने काय घोडे मारले?

आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावू नये. पण नाव दोन कामांसाठी घालतात. सावकाराच्या खतावर साक्षीदार सही करतो, तिथेही नाव असते. आणि वाड्याच्या दारावर पाटी असते, तिथेही नाव असते. साक्षीदाराच्या नावाचा अर्थ असा की, उद्या हे बोलणे खोटे ठरले तर मला धरा. संतांचे नाव या जातीचे. जे बोललो ते माझे, त्याचा जाब मला विचारा, असे ते नाव सांगते. तुकोबांना तो जाब विचारलाही गेला. अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवण्याची पाळी आली, ही कथा प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. नावामुळे त्यांना मान मिळण्याआधी जाच सोसावा लागला. आमच्या फलकावरच्या दहा नावांपैकी वाटलेल्या वह्या निकृष्ट निघाल्या तर जाब द्यायला किती उभे राहतील? जितके राहतील तितकी नावे खुशाल ठेवावीत.

यातूनच मला एक व्यवहाराची वाट दिसते. काम होण्याआधी नाव लिहावे.

म्हणजे कसे? पूर येणार हे आषाढात ठाऊक असते. नदी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. त्या वेळी कोण कुठे उभा राहील, कुणाला पोहता येते, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, गल्लीत अंथरुणाला खिळलेली माणसे किती आणि त्यांना कोण उचलणार, ही नावे फळ्यावर आधी लागावीत. नाव लागले की माणूस बांधला गेला. न आल्यास गल्ली विचारील. काम झाल्यावर ती नावे खडूच्या अक्षरासारखी पुसून टाकावीत. आज उलटे होते. आधी नाव विचारले की सगळे एकमेकांकडे पाहतात, आणि काम झाल्यावर छायाचित्रात उभे राहायला जागा पुरत नाही.

आधीच्या नावाला आणखी एक कारण आहे आणि ते दुःखाचे आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढताना बोट उलटली आणि बायामाणसे, लेकरे बुडाली. त्या घटनेत कुणाला बोल लावण्याचे हे ठिकाण नव्हे. पाणी चढत असताना जीव घेऊन निघालेल्या माणसांना मोजायला कोण बसतो? पण सेवेला नुसता कळवळा पुरत नाही, एवढे तरी आपण त्यातून घ्यावे. बोटीत किती माणसे बसावीत, अंगावर तरंगणारी जाकिटे किती आहेत, दोर कुठे बांधायचा, हे उन्हाळ्यात शिकावे लागते. शिकायला नावे लागतात, पाळ्या लागतात, हजेरी लागते. कळवळा आयत्या वेळी येतो. तयारी आयत्या वेळी येत नाही.

विलायतेत, ब्रिटन-आयर्लंडच्या किनाऱ्याला, समुद्रात सापडलेल्यांना सोडवणाऱ्या होड्यांची एक संस्था १८२४ पासून चालत आली आहे. होड्यांवरचे बहुतेक लोक पगारी नाहीत. कुणी दुकानदार, कुणी मास्तर, हाक आली की हातचे टाकून धावतात. त्यांच्या ठाण्यांत जुने लाकडी फलक लावलेले असतात, आणि अशा फलकांवर तारीख असते, संकटात सापडलेल्या जहाजाचे नाव असते, आणि किती जीव वाचले तो आकडा असतो. वाचलेल्याचे केविलवाणे चित्र नसते. परधर्माच्या, परमुलखाच्या लोकांना हे सुचले, तर आपल्याला सुचायला हरकत नाही.

खरे म्हणजे सुचायचेही कारण नाही. ते आपल्या घरात आहे.

माउलींच्या पालखीची संध्याकाळची समाजआरती ज्यांनी पाहिली आहे त्यांनी डोळे मिटून ती आठवावी. तळावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. टाळमृदंगाचा गजर चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि हजारो माणसांचा तो समुदाय एकदम शांत होतो. एखाद्या दिंडीचे मात्र टाळ वाजतच राहतात. त्याचा अर्थ सर्वांना कळतो : या दिंडीची काही तक्रार आहे. मग तिच्याकडे जाऊन विचारपूस होते, गाऱ्हाणे ऐकले जाते, निवाडा होतो. मग वाटेत कुणाचे काय हरवले, कुणाला काय सापडले ते पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा तांब्या. उद्या पालखी किती वाजता निघणार ते सांगतात. मग आरती.

एवढ्या मोठ्या समाजाचे रोजचे वार्तापत्र ते एवढेच! काय हरवले, काय सापडले, कुणाचे गाऱ्हाणे आहे, उद्या किती वाजता निघायचे. आज कुणी किती पंगती घातल्या हे त्यात येत नाही. हैबतबाबा आरफळकरांनी या सोहळ्याला शिस्त लावली त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे होऊन गेली, आणि तेव्हापासून हा क्रम चालतो आहे. आपल्या गल्लीच्या फळ्याने याच्याहून अधिक काय शिकायचे? गल्लीत काय हरवले आहे ते लिहावे. कुणाचा टाळ अजून वाजतो आहे ते लिहावे. पुराची मदत कोणत्या घरांपर्यंत पोचली नाही ते घरधन्याच्या अब्रूला धक्का न लावता लिहावे. उद्याची वेळ लिहावी.

हिशेब मात्र पैन् पै लिहावा, आणि तो पुसू नये. वर्गणी दुसऱ्याची असते. तिच्या बाबतीत निष्कामपणाचे सोंग चालत नाही. "आम्ही सेवा करतो, आम्हाला हिशेब कसला विचारता?" असे म्हणणारा सेवक पाहिला की मला त्याच्या सेवेची धास्ती वाटते. सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्याने हिशेब तपासून घ्यावे लागतात, ते कागद धर्मादाय कार्यालयात जातात. पण गल्लीला धर्मादाय कार्यालय दूर आणि फळा जवळ. जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, ज्याला पावत्या पाहायच्या असतील त्याने संध्याकाळी सात ते आठ यावे. या तीन ओळींत कुणाचा अहंकार मावत नाही.

आता एक अडचण उरते आणि तिच्यामुळे माझा हा सगळा विचार थोडा डळमळतो. नाव पुसावे म्हणणे सोपे. पण ज्यांचे नाव कधी लिहिलेच गेले नाही त्यांचे काय? पुरात ज्या भाकरी आल्या त्या कुणी थापल्या? रात्ररात्र चुलीपुढे बसून शे-दोनशे भाकरी करणाऱ्या बायका कोणत्याही छायाचित्रात नव्हत्या. पोती वाहून नेणाऱ्या पोरांचे नाव झाले. पाणी ओसरल्यावर गाळ, मेलेली जनावरे, कुजलेले धान्य उपसणारे सफाई कामगार, त्यांत आपल्या गावचे होते आणि बाहेरच्या शहरांतून आलेलेही, त्यांचा सत्कार किती मंडळांनी केला? या लोकांना "नावाची आशा धरू नका" असे कीर्तनातून सांगणे मला निर्लज्जपणाचे वाटते. त्यांनी नाव टाकलेले नाही. ते त्यांना मिळालेच नाही.

तेव्हा नियमाला एक जोड द्यावी लागेल. आपली सेवा आपण सांगू नये. दुसऱ्याची, जी कुणाच्या नजरेत येत नाही, ती आपण सांगावी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंगातल्या मुलांसाठी आयुष्य वेचले हे सर्व जाणतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले, हे लक्ष्मीबाई सांगत फिरल्या नाहीत. इतरांनी सांगितले म्हणून आपल्यापर्यंत आले. सांगितले नसते तर त्या माउलीचे काही अडले नसते, पण आपण कृतघ्न राहिलो असतो. सच्चिदानंदबाबांचे नाव ज्ञानेश्वरीत आहे तेही याच न्यायाने असावे असे मी समजतो. लिहिणाऱ्याचा हात विसरला गेला नाही.

हे सारे मंडळांना सांगताना आपल्या अंगणातही पाहावे. सप्ताहाची पत्रिका हाती घ्या. पांडुरंगाचे चित्र बोटभर आणि देणगीदारांची छायाचित्रे वीतभर, असे आता सर्रास दिसते. अन्नदात्याचे नाव पंगत बसताना पुकारतात, पंगत उठताना पुन्हा पुकारतात. पत्रावळ उचलणाऱ्या मुलाला मात्र "ए पोरा" म्हणून हाक. ज्या दात्याची नाव छापण्याची अट आहे त्याचा शिधा परत पाठवावा असे मी म्हणत नाही. पोटे भरायची असतात आणि दाताही हळूहळू शहाणा होतो. पण पत्रिकेवरची जागा आपल्या हातात आहे. ती कुणाला द्यायची हे विणेकऱ्याने आणि चालकांनी ठरवावे, छापखान्याने नव्हे.

आषाढी जवळ आली की कोल्हापूरची मंडळी नंदवाळच्या वाटेला लागतात. ज्यांना पंढरीची वाट चालणे होत नाही त्यांचे ते प्रतिपंढरपूर. एकादशीला शहरातून दिंडी निघते, पुईखडीला रिंगण होते, वाटेवर मंडळे खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा घेऊन उभी असतात. वाढणाऱ्या हातांना तोटा नसतो. द्वादशीला सकाळी त्याच वाटेने गेले तर द्रोण, कागदी पेले, पाण्याच्या बाटल्या आणि केळीची साले पावसात भिजून पडलेली असतात. एकादशीच्या पाळीला जशी नावे लागतात तशी द्वादशीच्या पाळीलाही दशमीच्या आत फळ्यावर लागावीत. वाशी नाक्यापासून नंदवाळपर्यंत वाटेचे तुकडे पाडून मंडळांनी ते वाटून घ्यावेत. खराटे, गोणपाटाची पोती, हातमोजे आणि मागून चालायला एक ट्रॅक्टरची ट्रॉली एवढे सामान पुरे. पाऊस असतो, म्हणून इरली किंवा रेनकोट ज्याचे त्याने आणावेत. निघायची वेळ सकाळी सहा.